चाळीसच्या वर नेऊ नकोस

कॉलेजचं वसतिगृह,
रविवार, ९ मार्च

प्रिय बाबा,

कसे आहात? खांदा काय म्हणतो? डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घेताय, की तुमच्या दोस्ताने, होलिसने आणून दिलेलं घोड्याचं मलमच चोळताय? उत्तर मला माहीत आहे, तरी विचारते. मी मजेत आहे. इकडे बर्फ अजून गुडघाभर आहे आणि तो वितळवायला रस्त्यावर मीठ असं ओततायत की जणू अख्ख्या मेन राज्याचं लोणचं घालायचंय. आपल्या धंद्याला बरंच म्हणायचं. मीठ आहे तोवर गंज आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. आपल्या गॅरेजच्या फोनवर काही बोलायचं म्हणजे शेगडीभोवती बसलेल्या चौघांना सांगायचं. शिवाय बोलणं पटलं नाही की फोन आपटायची तुमची सवय. पत्र कितीही आपटलं तरी ते तसंच पडून राहतं.

अभ्यास छान चाललाय. परवा पेल्की सरांनी त्यांचा आवडता खेळ केला. धडधाकट गाडीत गुपचूप एक बिघाड करून ठेवायचा आणि वर्गाला म्हणायचं, शोधा. सगळे कॉम्प्युटर जोडून डोकं खाजवत बसले. मी नुसती इंजिनापाशी उभी राहून ऐकत होते. म्हटलं, मागच्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाहीये. सर म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?" मी म्हटलं, "पुस्तकात नाही सर, आमच्या गावी, स्पर्लिंग कोव्हला, माझ्या बापाच्या गॅरेजात." तुम्ही तिथे असतात तर टोपी नाकापर्यंत ओढून घेतली असतीत, मला माहीत आहे.

पण कॉम्प्युटरही येतो हं आता. "नव्या गाड्या आपसात काय कुजबुजतात ते मला कळत नाही, तू शिकून ये," असं म्हणून तुम्हीच मला इकडे धाडलंत. होलिस आणि मंडळी हसली होती, एकोणतिशीच्या पोरीला शाळेत घालतोय म्हणून. त्यांना सांगा, आता मी बॅटरीवरच्या गाड्याही उघडते आणि जिवंत परत येते.

जेवणाचं म्हणाल तर आबाळच. शनिवारी घेवडा देतात, पण डब्यातला. गूळ नाही, डुकराच्या मांसाचा तुकडा नाही, रात्रभर भट्टीत ठेवणं नाही. मी आपली तुमची आठवण काढत पावाला लावून खाते.

मुख्य बातमी शेवटी. तपासनिसाची परीक्षा पास झाले आणि लायसन्स आलंसुद्धा. आता गाडी तपासून, ती रस्त्यावर न्यायला ठीक आहे असा स्टिकर माझ्या सहीने काचेवर लावता येईल. तुमच्या लायसन्सशेजारी माझ्यासाठी भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय, असं व्हर्नाआत्या म्हणाली. इतकी घाई कशाला केलीत?

आत्याची गाडी अजून इथेच आहे. थोडं काम निघालंय. तिला म्हणावं तोवर तुमचा जुना पिकअप वापर. त्याबद्दल सवडीने लिहीन.

तुमची,
लोर्ना


वसतिगृह,
रविवार, ३० मार्च

प्रिय बाबा,

तुमची तब्येत बरी असेल, कारण फोनवर आवाज चांगलाच खणखणीत होता. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: व्हर्नाची गाडी का अडकवून ठेवलीस? आणि प्रत्येक वेळी मी एकच उत्तर दिलं, काम चालू आहे. मागून होलिस म्हणालासुद्धा, "पोरीने गाडी खोलली आणि आता जोडता येत नाही." म्हणू दे. तेव्हा मी गप्प बसले ते त्या चौघांच्या देखत तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. आता सगळं लिहिते.

पेल्की सरांचा या सत्रातला मोठा धडा म्हणजे घरची गाडी. प्रत्येकाने आपल्या घरातली गाडी आणायची, वर्गासमोर लिफ्टवर चढवायची आणि आजच स्टिकर द्यायचा आहे अशा बेताने तपासायची. बाकीच्यांनी जपून गाड्या आणल्या. कुणी भावाची नवी, कुणी शेजाऱ्याची. मी मात्र आत्याची मागितली. का माहीत आहे? तिच्या काचेवर तुमचा अगदी ताजा स्टिकर होता. मला मिरवायचं होतं. मी वर्गात तोंड वर करून सांगितलं, "हा ॲल्डन थर्लोचा स्टिकर आहे. या गाडीत काही सापडलं तर सगळ्यांना माझ्याकडून डोनट."

गाडी वर गेली. खालून सगळं काळं, चकचकीत. नवा डांबरी रंग. कोल्बी म्हणून एक वात्रट मुलगा आहे, तो म्हणाला, "बापरे, हिने तर खालूनही मेकअप केलाय." मी त्याला गप्प केलं आणि इंजिन ज्या चौकटीवर बसतं तिच्यावर हातोडी मारली. आवाज बद्द आला, आतून गंजलेल्या लोखंडाचा. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, बाबा. तरी मी पुढे सरकले. सर म्हणाले, "थांब. तिथेच टोच." मी स्क्रू ड्रायव्हर लावला, आणि जोर न देता तो मुठीपर्यंत आत गेला.

मग कोल्बी म्हणाला, "थर्लोबाई, तो स्टिकर काढू नका हं. गाडी त्यानेच धरून ठेवलीय!" आणि सगळा वर्ग हसत सुटला. सरसुद्धा मिशीत हसले. मी हसले नाही. ब्लेड घेतलं, काचेवरचा तुमचा स्टिकर खरवडून काढला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोनट आणून दिले. कोल्बीला दोन दिले, चावताना तरी त्याचं तोंड बंद राहील म्हणून.

नंतर पेल्की सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "वरती, लायसन्स देणाऱ्या खात्याला, कळवायचं की नाही ते मी आज ठरवत नाही. तुझं लायसन्स आलंय. घरी जाऊन त्याचं काय करणार, ते तू ठरव." बस, एवढंच. मला वाटलं होतं ते चार गोष्टी सुनावतील. सुनावल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

आता गाडीची चौकट आम्ही कापून काढलीय. वर्गाला वेल्डिंग शिकायला बरी मिळाली. नवी बसवू, मी स्वतः ठोकून बघेन, मगच आत्याच्या हातात किल्ली देईन. त्याआधी नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही, तिने रडून दाखवलं तरी नाही. त्याच गाडीतून ती गावातल्या म्हाताऱ्यांना डायलिसिसला नेते-आणते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मला एवढंच विचारायचंय. तो काळा रंग तिचा शेजारी मारून देतो ना? त्याने आधी रंग मारला असेल, मग गाडी तुमच्याकडे आली असेल, आणि तुमच्या डोळ्यांना आता लिफ्टखालच्या उजेडात नीट दिसत नाही. तसंच असणार. तसं असेल तर बाबा, काही बिघडलेलं नाही. चष्मा बदला. मे अखेर तुमचं लायसन्स संपलं की परीक्षा देत बसू नका. मी येते, खाली मी बघते, तुम्ही वरून इंजिन ऐका. झालं.

आणि तसं नसेल तर मला लिहून कळवा. फोनवर नको.

वाट बघणारी,
लोर्ना


वसतिगृह,
मंगळवार, १३ मे

बाबा,

तुमच्या तीन ओळींच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. कसं देणार होते? "दिसलं होतं. रंग मीच मारला. व्हर्नाला सांगितलं होतं, चाळीसच्या वर नेऊ नकोस." खोटं न बोलणारा इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तुमच्यासाठी पळवाट खणून ठेवली होती, चष्म्याची. तुम्ही तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीत. मला तुमचा राग आला आणि त्याच वेळी अभिमानही वाटला, म्हणून आणखीच राग आला.

आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर गुरुवारी तुम्ही स्वतःच आलात. जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. कारण अर्धा वेळ तुमची पाठ माझ्याकडे होती.

आत्या तिची गाडी न्यायला येणार हे मला माहीत होतं. तुम्ही तिला तुमच्या पिकअपमधून घेऊन याल आणि तोच पिकअप आमच्या वर्गाच्या दारात लावून, सगळ्यांच्या देखत, "याचा स्टिकर संपलाय, लावून दे," म्हणाल, हे नव्हतं माहीत. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. कोल्बीने हातातला पाना खाली ठेवला. सर म्हणाले, "गाडी तुझी, सही तुझी," आणि मुद्दाम कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

तुम्ही मला जोखायला आला होतात. ठीक आहे. मी पिकअप वर चढवला. दिवे, ब्रेक, चाकं, सगळं पाहिलं. हातोडी उचलली तेव्हा तुम्ही जवळ येऊन हळूच काय म्हणालात, आठवतंय? "मागे डावीकडे मारू नकोस. तिथे कमजोर आहे, मला माहीत आहे."

बाबा, मी पोटात कळ येईपर्यंत हसणार होते. तपासनिसाला कुठे तपासू नको ते सांगणारा तुमच्याशिवाय दुसरा कोण असेल!

मी तिथेच मारली. एकदाच. गंजाच्या खपल्या तुमच्या टोपीवर पडल्या. तुम्ही त्या झटकल्या नाहीत.

"पटलं?" तुम्ही म्हणालात.

"पटलं. नापास."

"बापाला नापास करतेस?"

"बापाच्या गाडीला."

"मग मी घरी कसा जाऊ? चालत?"

"आत्याच्या गाडीतून जा. तिच्यावर माझा स्टिकर आहे. ताशी पासष्ट मैलांनी नेली तरी काही होणार नाही."

पासष्ट म्हटल्यावर तुम्ही आत्याकडे वळून बघितलंत. तिने पर्समध्ये तोंड खुपसलं. तुमच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या. म्हणून आता मी सांगते. इतके दिवस मुद्दाम लिहिलं नव्हतं.

ज्या दिवशी आत्याने मला आणि गाडीला इकडे आणून सोडलं, त्या दिवशी मला उशीर होत होता. तुमची अट मला माहीत नव्हती. ती किनाऱ्याच्या रस्त्याने हळूहळू निघाली, तर मी म्हटलं, "आत्या, हायवे घे आणि दाब जरा, माझा तास बुडेल." तिने हायवे घेतला. तिने दाबलं. पुलाच्या उतारावर काटा पासष्टच्या पुढे होता, बाजूला लाकडाचे ट्रक धावत होते, आणि आम्ही दोघी रेडिओबरोबर गात होतो. त्यानंतर दोनच तासांत त्या चौकटीत माझा स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी डोनटच्या दुकानात मी पैसे दिले आणि डबा तिथेच विसरून बाहेर पडले. ते वर्गातल्या हसण्यामुळे नव्हतं, बाबा.

मी आत्याला नंतर विचारलं, बाबांनी तुला सांगितलं नव्हतं का? ती म्हणाली, "सांगितलं होतं गं. पण म्हटलं आज शेजारी मेकॅनिक बसलीय, मग कसली भीती?"

बघा. तुमचा शब्द तिने मोडला तो तुमच्या मुलीच्या भरवशावर.

निघताना काच खाली करून तुम्ही जे बोललात ते मला लागलं. "आता गावात कुणाचीच गाडी चालणार नाही. तू सगळ्यांना पायी करशील. दोन वर्षं शाळेत गेलीस आणि तुला आपली माणसं खालून दिसायला लागली." तुमचं म्हणणं मला कळत नाही असं समजू नका. आपल्याकडे बस नाही. गाडी नसली तर तिसऱ्या-शिंपल्या खणायला ओहोटीच्या वेळी पोचता येत नाही, ब्लूबेरीच्या कारखान्यातली कामाची वेळ हुकते, म्हातारं माणूस हॉस्पिटलात जाऊ शकत नाही. नवी गाडी कुणाला परवडते? म्हणून तुम्ही दया केलीत. कुणाला सांगितलंत हायवेवर नेऊ नकोस, कुणाला सांगितलंत पावसात ब्रेक लवकर लाव, कुणाला म्हणालात मागे ओझं टाकू नकोस. तुम्हाला वाटलं, गाव शहाणं आहे, ऐकेल. आणि ऐकतंही. एरवी ऐकतं. पण एखाद्या दिवशी कुणाचा तरी तास बुडत असतो.

मी शाळेत जाऊन नाक वर केलेलं नाही. आपली माणसं मला खालून दिसतात, कारण मी त्यांच्या गाड्यांखाली झोपून मोठी झाले. तिथे तुम्हीच मला नेलंत. मुलीला गॅरेजात घेतलं म्हणून होलिस कुचकट हसायचा, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात ते आठवा. "हिचे कान तुझ्यापेक्षा चांगले आहेत." तर त्या कानांना आता तो बद्द आवाज ऐकू येतो आणि मी ऐकला नाही असं सोंग मला करता येत नाही. तुम्हाला करता येत असेल. मला नाही येत, आणि मी शिकणारही नाही.

१ जूनला मी घरी येतेय. कोर्स संपतोय, मार्क चांगले आहेत, सरांनी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला माझं नावही सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. मला आपल्याच गावात काम करायचंय. तुमच्या खिळ्यावर माझं लायसन्स लागलं तर मला आनंद होईल. पण त्याच्याखाली मी गाडी हातोडीने ठोकून बघितल्याशिवाय एकही स्टिकर निघणार नाही. होलिसचा नाही, पाद्रीबुवांचा नाही, तुमचा तर नाहीच. गॅरेजला कुलूप लावायचं असेल तर लावा. आत्याने तिची होडीची शेड मोकळी करून दिलीय, जॅक आणि वेल्डिंगचं यंत्र तिथेही मावतं.

आणि कुणाला पायी करायचा माझा विचार नाही. नापास झालेली गाडी मी परत पाठवणार नाही. अशा सगळ्या गाड्या शनिवारी शेडमध्ये घेईन, कापेन, पत्रा जोडेन, भरभक्कम करेन. ज्याला जे जमेल ते द्यावं. दोन वर्षं मी हेच शिकलेय. तुमचा पिकअप सोमवारपासून वर्गात कापायला घेतोय. कोल्बीने मागची डावी बाजू मागून घेतलीय. तो म्हणतो, इतकं प्रामाणिक गिऱ्हाईक त्याने पाहिलं नाही, स्वतःच जागा दाखवतं.

यासाठी मला तुम्ही हवे आहात. नुसते वरून इंजिन ऐकायला नाही. कुणाची गाडी कुठे कमजोर आहे, हे गावात एका माणसाला माहीत आहे. मला ते सगळं सांगा. शेगडीपाशी बसून सांगा, नाहीतर माझ्याबरोबर एकेका दारात चला. तुम्ही जिथे जिथे "हळू चालव" म्हणालात, तिथे तिथे मी आता "घेऊन ये" म्हणणार आहे.

नाही सांगितलंत, तरी माझं अडणार नाही. मी दारोदार जाईन आणि प्रत्येकाला विचारेन, "माझ्या बापाने तुला काय सांगितलं होतं?" सगळे सांगतील. आपल्या गावात तुमचं बोलणं कुणी विसरलेलं नाही. आत्याही विसरली नव्हती.

तुमचीच, आणि तुमच्यासमोर हातोडी खाली न ठेवणारी,
लोर्ना